बाबांचा आवाज कुठे गेला

३ मार्च, सोमवार

नाहीत! बाबांच्या आवाजाच्या फाइली ड्राइव्हवर नाहीतच. ड्राइव्ह लावली, माउंट केली, म्हणजे लॅपटॉपवरच्या ‘बाबा’ नावाच्या फोल्डरला जोडली, ते उघडलं — आत कुठल्याशा जुन्या सहलीचे फोटो. बाकी काही नाही.

गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालं, बाबांची स्वरपेटी काढली. त्याआधी थेरपिस्टबाई म्हणाल्या होत्या, आवाज रेकॉर्ड करून ठेवा, पुढे टॅबवर टाइप केलं की टॅब त्यांच्याच आवाजात बोलेल. बाबा ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. साधी वाक्यं वाचतानाही हुकूम सोडत होते. “क्लच! अगं, क्लच!” हे मधेच स्वतःच्या मनानं घातलं. घरच्यांची नावं म्हणा म्हटल्यावर आईचं म्हटलं, माझं म्हटलं, शेजारच्या मांजरीचंही म्हटलं. धाकट्या भावाचं — बारक्याचं — गाळलं. मी आठवण केली तर, “पुढचं घे.” स्कूल चालवायला नकार देऊन तो कॉम्प्युटरच्या नोकरीला परगावी गेला, तेव्हापासून अबोला.

आता पुन्हा कुठून रेकॉर्ड करणार? शुक्रवारी बाईंना द्यायचंय. आणि मूळ फाइली मी लॅपटॉपवरून पुसल्या. दोन ठिकाणी पसारा नको म्हणून! आग लागो माझ्या नीटनेटकेपणाला.

घाबरून ड्राइव्ह तशीच उपटली. दिवा लुकलुकत होता तरी.

४ मार्च, मंगळवार

आता माउंटही होईना! बारक्याला फोन केला. अंगणातल्या शिकवणीच्या गाडीत बसून, काचा वर करून. बाबांच्या बाजूच्या सीटवर, पायाखाली त्यांचा तो जास्तीचा ब्रेक. या लॅपटॉपवर नेहमीच्या सिस्टिमऐवजी लिनक्स त्यानंच घातलंय, त्यामुळे निस्तरायचंही त्यानंच.

“ताई, दिवा चालू असताना खेचलीस? अगं, लॅपटॉपला वाटतंय ती अजून लावलेलीच आहे. परत लावलीस तेव्हा त्यानं तिला नवं नाव दिलं. तू जुन्या नावानं शोधत बसलीयस.”

मग जुनं सोडवलं, नवं नाव शोधलं, तपासणी चालवली. मी एकेक अक्षर त्याला वाचून दाखवत होते, चुकीचं बटण दाबलं जाईल या धास्तीनं. शेवटी झाली माउंट! फोटो आले. आवाज नाही.

बारक्यानं विचारलं, “बाबांना सांगितलंस?” वेडा आहे का हा!

५ मार्च, बुधवार

बाबांनी पाटीवर लिहून विचारलं — आवाज दिलास का बाईंना? मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

६ मार्च, गुरुवार

जेवण जात नाही. आई म्हणते, “तुला काय झालंय गं? ऑपरेशन त्यांचं झालंय.”

दुपारी पुन्हा गाडीत. बारक्या म्हणाला, आता त्या ड्राइव्हवर काहीही लिहू नकोस, नीट अनमाउंट कर, फाइली परत काढून देणाऱ्या माणसाकडे पाठवू. अनमाउंट करायला गेले तर — ‘टार्गेट इज बिझी’. सगळे प्रोग्राम बंद केले. तरी बिझी! कोण वापरतंय तिला? रडूच आलं.

“ताई, कमांड लिहितेस त्या ओळीच्या सुरुवातीला काय दिसतंय?”

“बाबा.”

“म्हणजे तूच त्या फोल्डरमध्ये बसलीयस. बाहेर ये, मग सोडेल.”

बाहेर आले. सुटली! केबल काढून मांडीवर ठेवली. आणि उगाच, सवयीनं, फोल्डर पुन्हा उघडलं. आता ते रिकामं असायला हवं होतं.

रिकामं नव्हतं. सगळ्या फाइली होत्या! एकीवर क्लिक केलं — “क्लच! अगं, क्लच!” गाडीभर आवाज. मी खरंच पाय दाबला, डावा.

बारक्या हसतोय की रडतोय कळेना. “फाइली कॉपी केल्यास त्या दिवशी तू ड्राइव्ह नुसती लावलीस, माउंट केलीच नाहीस. फाइली लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये गेल्या. नंतर माउंट केलीस की ड्राइव्ह त्यावर येऊन बसते, ताटावर ताट ठेवल्यासारखी. खालचं दिसत नाही. पण असतं गं.”

जीव भांड्यात पडला. आधी तीन ठिकाणी कॉपी केल्या, एक बारक्याकडे पाठवून. होऊ दे पसारा.

७ मार्च, शुक्रवार

बाबांना घेऊन जाऊन बाईंना फाइली दिल्या. परत येताना बाबांना सगळं सांगून टाकलं, बारक्याच्या फोनांसकट. ते खिडकीबाहेर बघत राहिले. उगाच सांगितलं का?

२९ मार्च, शनिवार

टॅब आला. संध्याकाळी बारक्या मला फोनवर बॅकअप समजावत होता, फोन स्पीकरवर होता. बाबा शेजारी येऊन बसले. एका बोटानं टाइप केलं. टॅब बोलला, “बारक्या.”

फोनवरून बारक्या हळूच म्हणाला, “ताई, ही कुठली फाइल? माझं नाव म्हटलंच नव्हतं ना त्यांनी?”

मी फोन बाबांच्या जवळ सरकवला. बाबा पुढचं टाइप करत होते.