सातव्या दालनापर्यंत

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)
१९ नोव्हेंबर २००८

प्रिय विघ्नेश,

फोनवर तू "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय. आशीर्वाद वगैरे शेवटी. आधी राग.

दिवाळीला दोन दिवस आलास. फराळ केलास, झोपलास, आणि निघायच्या तासभर आधी कॉम्प्युटर उघडून बसलास. "किती स्लो झालाय, सगळा कचरा भरलाय," म्हणत फॉरमॅट मारलास. मला विचारलंस? मी आत तुझ्यासाठी चकल्या बांधत होते. बाहेर आले तर म्हणालास, "घे, नव्यासारखा केला." त्या कचऱ्यात आमचा खेळ होता.

हसशील तू. हस. शापित बेटावरचा राजवाडा, दगड झालेला राजा, आणि त्याला सोडवायला दालनादालनांतून वस्तू शोधत फिरणारी राणी. खालच्या मजल्यावरच्या प्रीतलने घालून दिला होता, घरात अडकलेल्या मला विरंगुळा म्हणून. बाजूला इंग्रजीत यादी असते आणि चित्रातल्या सतराशे साठ वस्तूंच्या पसाऱ्यात यादीतल्या वस्तू लपलेल्या असतात. मला एक दिसेल तर शपथ. बाबा शेजारच्या खुर्चीत. झटका येऊन तेव्हा तीन महिने झाले होते, उजवा हात गेलेला, वाचा गेलेली. मी आपली चिडून म्हणत होते, "किल्ली कुठाय मेली," तर त्यांनी डावा हात उचलून स्क्रीनवर बोट ठेवलं. वेलीच्या नक्षीत किल्ली! तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. त्या डोळ्यांतून कधी वेलांटी सुटली नाही, किल्ली काय सुटणार?

मग रोज चारचा चहा झाला की आम्ही बसायचो. मी यादी मराठीत वाचायची, त्यांनी दाखवायचं. पंधरा-वीस दिवसांनी "किली" म्हणाले. मग "पीस". मग "घुबड", तेही अगदी स्वच्छ. बोलायला शिकवणाऱ्या बाई चित्रांचे पत्ते दाखवायच्या तेव्हा हे मान फिरवत, बालवाडीत बसवल्यासारखं वाटायचं त्यांना. इथे मात्र ते माझ्यापेक्षा हुशार होते. सहा दालनं संपवून सातव्यात पोचलो होतो आम्ही. तुला हे फोनवर सांगायला गेले, तर "आई, तू गेम खेळतेस?" म्हणून हसलास. पुढचं मग सांगितलंच नाही.

तू गेलास, चार वाजले, हे येऊन बसले. मी शोधून शोधून थकले. त्यांनी माऊस आपटला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच केलं. प्रीतलने सीडी पुन्हा घातली, पण खेळ पहिल्या दालनापासून. त्यांनी तोंड फिरवलं. आलेले शब्दही गेले. पाणी हवं तरी भांडं वाजवायचे. तीन आठवडे, विघ्नेश!

काल मी हट्टाने एकटीच खेळायला बसले. प्रीतलही आली होती. मागून आवाज आला, "विघ... विघ्नेशला फोन." मी उडालेच. आठवण आली असेल म्हणून विचारलं, "काय सांगू त्याला?" चेहरा लाल झाला, ओठ जुळेनात, पण सोडलं नाही त्यांनी. "गाढव आहेस. वि... विचारायचं." प्रीतल टाळ्या वाजवायला लागली. मी आत जाऊन रडले. आनंदाने, आणि खरं सांगू, रागानेही. चौदा महिने पुसलं, भरवलं, याद्या वाचल्या त्या मी. माझं नाव अजून त्यांच्या तोंडून आलेलं नाही, आणि पहिलं वाक्य तुझ्या वाट्याला.

फोन लगेच लावला होता. तू उचलला नाहीस. रिंग बंद झाली तरी रिसीव्हर कानाला धरून ते उभेच. म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी दहाला मी नंबर फिरवून त्यांच्या हातात देणार आहे. उचल. सॉरी म्हणायची घाई करू नकोस, त्यांना पोटभर रागावू दे. आणि मध्येच त्यांचा शब्द अडला, तर तो तू पुरवू नकोस. थांब.

आशीर्वाद आहेतच.

तुझीच, राग न उतरलेली,
आई