आवर्तसारणीतले आठ गुलाब

३ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ११ वाजून २० मिनिटं.
अपमान. स्थळ: नातीच्या शाळेची प्रयोगशाळा. चार महिने खपून मॅटीच्या कापडावर मूलद्रव्यांची आवर्तसारणी भरली. क्रॉस स्टिच, एकशे अठराच्या एकशे अठरा. फळ्याशेजारी लावायचं ठरलं होतं, खिळासुद्धा ठोकलेला. नातीने अख्ख्या नववीला सांगून ठेवलेलं. रसायनाच्या बाईंनी कापड उलगडलं, बघितलं, पुन्हा बघितलं. म्हणाल्या, टाके फार सुंदर आहेत आजी, पण ही आवर्तसारणी नाही.
आजी! मी यांची आजी कधीपासून?

४ नोव्हेंबर.
रागाने लिहायचं नाही असं ठरवलंय. त्या टवळीचं चुकतं ते असं. पुस्तकातल्या तक्त्यात वर मधोमध छत्तीस चौकोनांचं भगदाड. आणि खाली चौदा-चौदांच्या दोन ओळी, पाहुणे जास्त झाले म्हणून व्हरांड्यात बसवल्यासारख्या. मी त्या अठ्ठावीस जणांना आत घेतलं. उरल्या आठ चौकोनांत गुलाब. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, कापडात रिकामी जागा म्हणजे मुलीत आळस. शिवाय पहिल्या पाच ओळींत तीन ठिकाणी जड मूलद्रव्य आधी आणि हलकं नंतर. तीस वर्षं पार्सल काउंटरवर काढली मी. वजनातलं मला कोणी शिकवू नये. तिन्ही जोड्या सरळ केल्या. उपकार मानणं तर दूरच.

७ नोव्हेंबर, सकाळी ६.
संकल्प: आठ दिवसांत सगळं रसायन वाचून बाईंना त्यांच्याच पुस्तकाने गप्प करणार. रोज दोन तास.

८ नोव्हेंबर.
चष्म्याचा स्क्रू पडला. वाचन नाही.

९ नोव्हेंबर.
स्क्रू सापडला. डोकं दुखलं.

१० नोव्हेंबर.
अणू संपवला. मध्ये इवलंसं केंद्रक, त्यात प्रोटॉन, भोवती इलेक्ट्रॉन, बाकी सगळी मोकळी जागा. सिस्टरांनी निसर्गाला नापास केलं असतं.

१२ नोव्हेंबर.
नातीने समजावलं. मी विचारलं नव्हतं. म्हणे क्रम वजनाचा नाहीच, प्रोटॉनच्या संख्येचा. उभा रकाना म्हणजे एक कुटुंब, स्वभाव सारखे. पोटॅशियम पाण्यात टाकलं की पेट घेतं, आरगॉन कशातच पडत नाही, आणि आजी, तू त्यांची घरं बदललीस. मी म्हटलं, आपल्याकडेही एक पेट घेणारी आणि एक कशात न पडणारा एकाच खोलीत राहतात, काही बिघडलंय? सून आतून म्हणाली, आई, ऐकू येतंय. मुलगा काहीच म्हणाला नाही.

१५ नोव्हेंबर.
विजय! बाईंचा फोन. शनिवारच्या विज्ञान प्रदर्शनात माझं कापड, स्वतंत्र टेबलावर. चालेल ना? मोठ्या मनाने हो म्हटलं. माफी मागितली नाही, पण सूर माफीचाच होता. नातीने दोनदा विचारलं, तू नीट ऐकून हो म्हणालीस ना? हरखलीय पोरगी.

१८ नोव्हेंबर, दुपारी १.
अलोट गर्दी. शेजारच्या ज्वालामुखीकडे चिटपाखरू नाही. मुलं वह्या-पेन्सिली घेऊन माझे नमुने उतरवताहेत. एकीने गुलाब मोजले. तिच्या पाठीवर थाप दिली.

दुपारी ३.
टेबलाला पुढून पुठ्ठा लावला होता. मी मागे बसले होते. 'चुका शोधा, शाईपेन मिळवा.' पहिली आली आमची नात. चाळीस चुका. बाईंच्या यादीतही चाळीसच. घरी येताना पेन मला देऊ लागली. म्हणाली, आजी, तुझ्यामुळे अख्ख्या वर्गाला तक्ता पाठ झाला. मी खिडकीबाहेर बघितलं.

२० नोव्हेंबर.
पत्राचा कच्चा मसुदा.
रसायनाच्या बाईंस,
आपली यादी तपासली. अठ्ठावीस उपरे, आठ गुलाब, आरगॉन-पोटॅशियम, टेल्युरियम-आयोडीन. चाळीस, मान्य. परंतु कोबाल्टचे प्रोटॉन सत्तावीस, निकेलचे अठ्ठावीस, आणि कापडावर निकेल आधी आहे. हे ना स्पर्धकांना दिसले, ना आपल्याला. म्हणजे चुका बेचाळीस, आणि त्या सर्व शोधणारी एकटी मी. नातीचे पेन काढून घेऊ नये. माझे वेगळे कधी मिळेल, ते शुक्रवार, २४ नोव्हेंबर, दुपारी चारच्या आत लेखी कळवावे.