भोंगेवाल्यावरचा लेख

३ मार्च, बुधवार

मानवजातीवर आजवर अनेक संकटं आली. पण आज पहाटे साडेपाच ते आठ माझ्यावर जे कोसळलं त्याची कुठे नोंद नाही, म्हणून इथे करतो. बंदराचा भोंगा! दर दोन मिनिटांनी! टेकडीवरच्या माझ्या खिडकीत आकाश लख्ख, आणि खाली हा रेड्यासारखा रेकतोय. बायको म्हणे, "असेल काही कारण." कारण कसलं? भोंगेवाला बटणावर डोकं टेकून झोपला असणार. — वा! रविवारच्या सदराला विषय मिळाला.

७ मार्च

'बटणावरचा कुंभकर्ण' छापून आला. नेहमीप्रमाणे टोपणनावाने. संपादकाचा फोन — "सोलून काढलास लेका!" दिवसभर तरंगत होतो.

९ मार्च

मेहुणा बंदराच्या कचेरीत कारकून आहे. दुपारी आला, चप्पलही काढली नाही. "भाऊजी, तुमच्या कुंभकर्णाला निलंबित केलंय. शुक्रवारी चौकशी. निवृत्तीला दोन महिने उरलेत त्याच्या, पेन्शन लटकणार." मग म्हणाला, "त्या दिवशी पाण्यावर दाट धुकं होतं. तुमच्या टेकडीवरून नाही दिसत ते. दोन होड्या यायच्या राहिल्या होत्या. शेवटची होडी लागेपर्यंत तो भोंगा सोडत नाही. आवाजाच्या रोखानेच आल्या त्या. नऊ माणसं."

जेवलो नाही. बायकोने माझं ताट झाकून ठेवलं.

१० मार्च

त्याच्या घरी गेलो. 'वाचक आहे, वाईट वाटलं म्हणून आलो' — असं सांगितलं. खोटं बोलायलासुद्धा माझीच भाषा कामाला आली!

कात्रण टेबलावरच होतं. "भाषा झकास आहे हं," भोंगेवाला म्हणाला. "मीसुद्धा हसलो. ही म्हणते, अब्रू गेली नि हसता काय! ... तुमच्या ओळखीत असला तो लिहिणारा, तर एवढंच सांगा — मी झोपलो नव्हतो."

"सांगतो," म्हणालो. 'तो मीच' एवढं काही तोंडातून फुटलं नाही. वर, चहात साखर जास्त म्हणून मनात शेरा मारलाच. जित्याची खोड!

११ मार्च

सदराखाली छापायची माफीची चौकट लिहायला बसलो. चारदा लिहिली. चारही वेळा मीच त्यात हुशार दिसतो. फाडली.

१२ मार्च

चौकशीत जाऊन उभा राहिलो. लेख माझा, म्हणून सांगितलं.

"याला झोपलेलं पाहिलंत तुम्ही?" चौकशीच्या साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"लिहिलं."

जबानीखाली खऱ्या नावाने सही केली. मागे वळलो, तर भोंगेवाला माझ्याकडे बघत होता. मग सरकला, आणि बाकावर जागा केली.