फोटोवरचा चंदनी हार

१२ जानेवारी २०२६

आजही संग्रहालयातल्या खुर्च्या मीच पुसल्या! ग्रुपवर स्वयंसेवक पंचवीस-तीस. 'आहेच मी', 'येतोच', अंगठे, जोडलेले हात. प्रत्यक्षात मी आणि अपूर्वा. ती शाळेत चित्रकला शिकवते, संग्रहालयाच्या पाट्या तीच करते. बाकी सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे.

त्यात हा कापूस. भिवंडीत खिडकी उघडली की नारपोलीकडच्या कापडाच्या लूमचा कापूस आत. सकाळी पुसलेल्या काचेवर दुपारी पुन्हा साय धरते. बंद ठेवली तर गुदमरायला होतं. करायचं काय माणसाने?

प्रजासत्ताक दिनाला 'संस्थापक दालन' उघडायचंय. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ज्यांनी हे संग्रहालय उभं केलं त्या पाच जणांचे फोटो. चार गेले. पाचवे आमचे हे.

धनेशभाऊ अध्यक्ष. पूर्णा गावात गोदामं, आणि भाषणाची हौस. म्हणाले, "काकू, असं दालन करू की ठाण्यापर्यंत नाव निघेल." म्हटलं, आधी संडासाला पाणी आणा, मग ठाण्याचं बघू. हसले! ह्या माणसाला काही लागतच नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणे. कुणाशी?

अपूर्वाने फोटो मोठे करून आणले. ह्यांचा फोटो इतका स्वच्छ आलाय की डाव्या कानाची खाच दिसते. लहानपणी पतंगाच्या मांजाने कापलेला कान. त्यामुळे संक्रांतीला हे कधी गच्चीवर गेले नाहीत. आमची लेक वल्लरी लहान असताना रडून रडून मागे लागायची, तरी नाहीत. अपूर्वा म्हणाली, "काकू, खाच पुसून टाकू का कॉम्प्युटरवर?" हात लावशील तर बघ, म्हटलं. बिचारी घाबरलीच.

१६ जानेवारी

हद्द झाली!

वर गेले तर पाचही फोटोंना चंदनाचे हार. पाचही! आणि खाली पाटी कोरून आलेली — 'कै. शरच्चंद्र टिपणीस'.  माझ्या तोंडून जे शब्द फुटले ते जिन्यापर्यंत ऐकू गेले असणार.

धनेशभाऊंना फोन लावला.

"काकू, एकालाच नाही घातला तर कसं दिसेल? दालन एकसारखं नको का दिसायला? हार घाऊकच आणलेत."

"अहो, ते जिवंत आहेत!"

"हो हो काकू, आपल्या सगळ्यांच्या मनात जिवंतच आहेत ते."

"मनात नाही! जिवंत! खरेखुरे!"

पलीकडून मऊ आवाजात, "काकू, तुम्ही जेवलात का?" म्हणजे मी भ्रमिष्ट. भूक लागली म्हणून बडबडतेय!

हार काढून खिडकीत ठेवला आणि घरी आले. 

१७ जानेवारी

अपूर्वाला आज सगळं सांगितलं. तिला अर्धवटच माहीत होतं. गावात जी कुजबूज असते तेवढं.

येत्या चैत्रात सोळा वर्षं होतील. वज्रेश्वरीच्या बाजूला कुणाच्या तरी शेतात जुना कोरीव दगड निघालाय, बघून संध्याकाळपर्यंत येतो, म्हणाले. डब्यात घावनं दिली होती. संध्याकाळी आले नाहीत. कधीच आले नाहीत. तक्रार केली, पेपरात फोटो दिला, त्या बाजूच्या गावोगाव खेपा मारल्या. दोनदा शवागारात बोलावलं ओळख पटवायला. दोन्ही वेळा दुसरंच कुणीतरी. प्रेत नाही, बारावं नाही, श्राद्ध नाही. मग 'कै.' कुठून आणलं ह्या लोकांनी?

लोकांना वाटतं मला इतिहासाची आवड. कसली डोंबलाची आवड! मला त्या दगडांतला एक दगड दुसऱ्यापासून ओळखू येत नाही. पण हे माणसांपेक्षा दगडांशी जास्त बोलायचे. परत आले तर घरी आधी येणार नाहीत. आधी इथे येतील, दगड जागच्या जागी आहेत का बघायला. म्हणून तर किल्ली मी माझ्याकडे ठेवते. म्हणून झाडू मारते. हे कुणाला कसं सांगायचं?

अपूर्वाने डोळे पुसले. मग कामाचं बोलली. पाटी नवीन कोरून यायला वेळ लागेल, तोवर 'कै.' वर पांढरी पट्टी चिकटवते. चिकटवली. छान झाकलं गेलं.

१८ जानेवारी

वल्लरीचा फोन. धनेशभाऊंनी तिला कळवलं वाटतं. चोंबडा!

"आई, सात वर्षांनंतर कायदाही माणूस गेला असं धरतो."

"कायद्याला कुंकू लावावं लागत नाही," म्हटलं.

"आई, आता पुरे कर ना गं. मला बाबांसाठी एकदा तरी नीट रडायचंय."

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर चिडले. मग स्वतःवर. मग ह्यांच्यावर — आणि तिथेच थांबले. एवढ्या वर्षांत माझा सगळा राग शेवटी तिथेच जाऊन थांबतो आणि पुढे सरकत नाही.

२० जानेवारी

हार परत फोटोवर! शिपाई पंढरी घालतो. "साहेबांनी सांगितलंय काकू, मी काय करू?" मी काढते, तो घालतो. आमचा हाच कार्यक्रम चाललाय, बाकी दालन गेलं खड्ड्यात.

आणि बॅनर लागला. गल्लीच्या तोंडाशी, खांबाला. धनेशभाऊंचं तोंड ताटाएवढं, खाली संस्थापकांचे पाच फोटो पापडाएवढे. पाचांच्याही नावाआधी 'कै.'. इतक्या उंचावर पट्टी कोण चिकटवणार?

२२ जानेवारी

हार काढला.

२३ जानेवारी

परत घातलाय!!

२५ जानेवारी, रथसप्तमी

संग्रहालयात हळदीकुंकू ठेवलं होतं. 'महिलांचा सहभाग'! बायका लोटल्या. एकीने काचेतल्या वस्तूंकडे मान वळवून पाहिलं असेल तर शपथ. सगळ्यांचे डोळे वाणावर. प्लॅस्टिकचे डबे, झाकणावर धनेशभाऊ.

त्यांच्या बायकोने, हौसावहिनींनी, कुंकवाचा करंडा घेतला. एकेकीला लावत माझ्यापर्यंत आल्या. बोट कुंकवात बुडवलेलं. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीवर गेली, ह्यांच्या फोटोवरच्या हारावर. आणि माझ्या शेजारच्या बाईच्या कपाळाला बोट टेकलं.

मला ओलांडलं. भर बायकांत.

मी म्हटलं, "हौसावहिनी, मी इथे बसलेय." त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अहो, तसं नाही हो..." मग कसं? मी करंडा त्यांच्या हातातून घेतला, माझं मी लावलं, ठसठशीत.  चमचे तेवढे वाजत होते बश्यांत.

उठताना हार काढला आणि पर्समध्ये कोंबला. आता शोध म्हणावं पंढरीला. रुमाल, किल्ल्या, बसचं तिकीट, सगळ्याला चंदनाचा वास लागलाय.

२६ जानेवारी

लिहू की नको. लिहिते. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

झेंडावंदन झालं. उद्घाटनाला मान्यवर यायचे होते. मान्यवर ट्रॅफिकमध्ये. नाचाला बोलावलेली गणेशपुरीकडच्या पाड्यावरची माणसं सकाळपासून अंगणात उन्हात बसलेली. पाणीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं! भांडून त्यांना चहा मिळवून दिला. त्यांच्यात सोमी नावाची बाई होती, माझ्याहून थोडी लहान. तिच्यासोबतची पोर झोपली होती. "बाय, आत सावली हाय काय?" म्हणाली. मी दोघींना वर दालनात नेलं. बस म्हटलं, पंख्याखाली.

पंढरीने चंदनाचा हार सापडेना म्हणून ह्यांच्या फोटोला झेंडूचा घातला होता. ताजा, ठळक. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सोमीच किंचाळली.

"अगं बाय! मास्तर गेला? कवा?"

"कोण मास्तर?"

"ह्योच त! दगडांचा मास्तर. परवा आमच्या अंगनात बसून बोरं खाल्ली त्यानं. कवा मेला?"

मी म्हटलं, चूक होत असेल, फोटो जुना आहे.

"दाढी न्हाय हितं, पन कान बघ की! पतंगाच्या दोऱ्यानं कापला म्हनून पोरांना सांगतो त्यो. चूक कशी होईल?"

मी फोटोपाशी जाऊन तो कान पुन्हा पाहिला.

तिला वाटलं मी संग्रहालयातली कुणी कर्मचारी. मोकळेपणी बोलत गेली. आधी कुठं कुठं फिरला म्हणे, मग धा-बारा वर्सं आमच्याकडं. पोरांना शिकवतो. डोकं ठिकाणावर हाय, लई हुशार मानूस. घरचं? "हाय की. भिवंडीला बायको, येक पोरगी. आमी इचारलं, जात का न्हायस? त म्हनं, दोन-चार दिसांसाठी गेलो आन लई बरं वाटलं. मंग महिना गेला. मंग कोनच्या तोंडानं जाऊ?"

लई बरं वाटलं!

"आन भिवंडीला येतोच की. मंगळवारी, येस्टीनं. खडू-पाट्या घ्याया."

येतो. इथे. भिवंडीला.

तेवढ्यात खाली माइकवर माझं नाव. 'कैलासवासी शरच्चंद्र टिपणीस यांच्या पत्नी.' गेले. शाल घेतली, नारळ घेतला. टाळ्या झाल्या. धनेशभाऊ फक्त मला ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "काकू, आज रागावू नका." मी कुठे रागावले होते? 

सोमी जिन्याशी उभी होती, तोंडावर हात धरून. जाताना जवळ आली.

"बाय, तूच काय ती?"

"मीच."

"सांगू त्याला? तू हाईस म्हनून?"

"त्याला माहीत आहे," म्हटलं.

२७ जानेवारी, मंगळवार

स्टँडवर जाऊन बसले. किती गाड्या आल्या देव जाणे. उठून जावं असं दहादा वाटलं.

आला.

दाढी पांढरी. झोळी. चालणं तेच, उजवा पाय जरा फेकत. प्रकृती चांगली आहे, माझ्यापेक्षा चांगली! हाक मारायला तोंड उघडलं. सोळा वर्षं 'अहो' म्हणून हाक मारली नव्हती, ती आलीच नाही.

मागे मागे गेले. संग्रहालयाच्या गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. वर बॅनर. सगळा वाचला त्याने, धनेशभाऊंपासून खालपर्यंत. स्वतःच्या फोटोपाशी मान वाकडी करून बराच वेळ पाहत राहिला. त्याला चष्मा लागतो आता. मला वाटलं, आता वळेल. आता तरी. गल्लीत शिरेल, जिना चढेल, म्हणेल अरे मूर्खांनो, हा काय प्रकार, मी आहे. दालन उघडं होतं. जाताना मी कुलूप लावलं नव्हतं.

त्याने झोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुढे गेला. स्टेशनरीच्या दुकानाकडे.

मी तिथेच उभी. एक रिक्षावाला ओरडला, "अम्मा, साइड में!" सरकले.

२८ जानेवारी

वल्लरीचा फोन आला. घेतला नाही. काय सांगू तिला? की रडायचं राहू दे, चिडायला ये?

घावनं केली. एकटीने सगळी खाल्ली.

३० जानेवारी

सकाळी संग्रहालय उघडलं. झेंडू सुकला होता, टाकून दिला. पर्समधला चंदनाचा हार काढला, पदराने पुसला, स्टुलावर चढून मीच घातला. दोन्ही बाजू सारख्या केल्या. पाटीवरची पांढरी पट्टी नखाने खरवडून काढली. अपूर्वा बघतच राहिली. "काकू, नवी पाटी येतेय की!" म्हटलं, रद्द कर. त्याने स्वतः वाचलंय आणि दुरुस्ती सांगितली नाही, मी कोण सांगणार? किल्ली पंढरीला दिली.

कुंकू मात्र रोजच्यासारखं लावलंय. ते मी शाळेत असल्यापासून लावते.