विजेत्यांच्या फळ्यावरील एका नावाबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा पाट्या रंगवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास आमच्या कॉलेजच्या चारशे मीटर शर्यतीचे चाळीस वर्षांचे विजेते विचारावेत, वेळेसकट सांगेन. मी त्या कॉलेजात एक दिवसही शिकलेलो नाही. दारावरची पाटी रंगवायला गेलो, मैदानावर रिले चालू होती, ती बघत उभा राहिलो आणि तिथलाच झालो.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नीला. दर शनिवारी तिने "मैदानावरच अंथरूण टाका आता" असे ऐकवले आणि दर शनिवारी डबाही भरून दिला. तिच्या हयातीत घराला कोणी हात लावू नये.

२. स्कूटर आणि स्टॉपवॉच मुलाला. बस पकडण्यापुरते पळणे, एवढाच त्याचा खेळाशी संबंध. पण माझ्या आजारपणात दवाखान्याच्या सगळ्या खेपा त्यानेच घातल्या, तेही कुरकूर न करता.

३. ब्रश, पट्ट्या आणि सोनेरी रंगाचे उरलेले डबे मागच्या गल्लीत पाट्या रंगवणाऱ्या बाईंना. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. जिवंतपणी हे कबूल करायला माझी जीभ रेटली नाही.

४. गोल्फच्या नियमांची दोन्ही पुस्तके, जुने आणि नवे, माझ्या मेहुण्याला. कारण सविस्तर लिहितो.

बावीस वर्षांपूर्वी माझी मुलगी कॉलेजतर्फे गोल्फची अंतिम फेरी खेळत होती. शेवटच्या होलवर एका फटक्यात चेंडू आत गेला की पुढे असलेल्या मुलीशी बरोबरी, आणि बरोबरी झाली की करंडक दोघींचा. पटर, म्हणजे चेंडू हलकेच ढकलायची काठी, टेकवताना तो चेंडूला लागला आणि चेंडू जेमतेम अर्धे पेर हलला. तिने हात वर करून पंचांना बोलावले, चेंडू जागेवर ठेवला, दंडाचा एक फटका स्वतःच्या नावावर घेतला आणि मग चेंडू आत घातला. एका फटक्याने हरली. क्रीडाशिक्षक तिच्या कानाशी लागले, "कुणी बघितलं होतं का? गप्प बसायचं." ती म्हणाली, "सर, मी बघितलं ना." घरी मेहुण्याने निकाल दिला, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." त्या वाक्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेले नाही.

तिसऱ्या दिवशी मीच स्टुलावर बसून विजेत्यांच्या फळ्यावर त्या जिंकलेल्या मुलीचे नाव रंगवले. एका दमात रंगवले असे सांगत आलो. तसे नाही. पहिले अक्षर दोनदा पुसले आहे.

पुढे नियम बदलला. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चुकून चेंडू हलला तर तो परत ठेवायचा, दंड नाही. मेहुणा ते नवे पुस्तक घेऊन कॉलेजात गेला, अर्ज दिला, आणि समितीने माझ्या मुलीचे नाव संयुक्त विजेती म्हणून लिहायचे ठरवले. मला विचारले, कारण फळा माझा आहे. लाकूड माझे, रंग माझा, बिल कधी लावले नाही. मी महिनाभर ते पत्र उशाखाली ठेवले. मोह झाला, खोटे कशाला बोलू? शेवटी मुलीला विचारले. ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशीचा खेळ त्या दिवशीच्या नियमानं झाला. ती जिंकली. आता तिच्या शेजारी मला घुसडू नका." मेहुण्याने दोन्ही पुस्तकांवरच्या तारखा आधी वाचाव्यात.

५. सदर फळा कॉलेजला कायमचा देत आहे. अट एकच: त्या वर्षाच्या ओळीत एकच नाव राहील. अट मोडल्यास फळा मुलीच्या मालकीचा होईल.

६. मुलीला मी काही ठेवलेले नाही, तिचे परत करतो आहे. बावीस वर्षे मी ज्याला त्याला "संस्कार आमचे" म्हणून सांगितले आणि शाबासकी खिशात घातली. ते खोटे आहे. त्या दिवशी मी दोरीपाशी दुर्बीण लावून उभा होतो. चेंडू हललेला मी पाहिला. मनात म्हणालो, कुणी बघितले नाही, मार लवकर. आणि कोणी मला विचारू नये म्हणून चपलेचा बंद नीट करायला खाली वाकलो. मान वर केली तेव्हा तिचा हात वर होता.

तोवर मी मैदानावर हौशी वेळ-नोंदणारा म्हणून आमच्या पोरांना एक दशांश सेकंद माफ करत असे. त्यानंतर एकदाही केला नाही. बापाकडून मुलीला जाते त्याचे मृत्युपत्र होते. मुलीकडून बापाला मिळाले त्याचा कागद कुठेच नव्हता, तो हा. पोरी, माझ्याइतका मोठा वारसा त्या मैदानावर कोणाला मिळालेला नाही. हे कलम मेहुण्याने फळ्यासमोर उभे राहून, खणखणीत आवाजात वाचावे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, म्हणून सही करतो.

सही: पाट्या रंगवणारा

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
साक्षीदार १: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर
साक्षीदार २: उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: कॉलेजच्या वार्षिक स्पर्धा संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी