खुंटीवरचा भोपळा

दीव, ता. ७ फेब्रुवारी १९६४

तीर्थरूप बापूंना,

डोक्यावरचा पदर नीट करून रंजनाचा नमस्कार. बघा, तुम्ही समोर नाही तरी हात आपोआप पदराकडे गेला! आम्ही सगळे इथे मजेत आहोत. तिकडे गुऱ्हाळ कसं चाललंय? ढवळ्याचा खूर बरा झाला का? आई विचारतायत, कौसाबाई भाकरी वेळेवर आणून देते ना, की तुम्ही नुसता गूळ-शेंगदाणे खाऊन झोपता?

बापू, मी तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. तुम्ही माझा आवाज तरी कितीसा ऐकलाय? आपल्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी दाराला सांगायचे, "चहा झालाय." आणि दाराच्या पलीकडून तुम्ही चहा मागायचात. पुढे छबू झाली आणि माझी सोय झाली. "छबू, आजोबांना सांग, जेवायला चला." छबू बोलायला लागली नव्हती तेव्हापासून मी तिच्यामार्फत बोलतेय. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये मी डिबेटमध्ये कप मिळवला होता, हे तुम्हाला खरंसुद्धा वाटणार नाही! पत्रात बोलू नये असं मात्र कोणी कुठे म्हटलेलं नाही. मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिख, लिख. कागदले कोठे पदर ऱ्हास?" खरंच, कागदाला कुठे पदर असतो!

तर आधी प्रवास. सुरतेपासून गाड्या बदलत बदलत वेरावळला पोचलो. सोमनाथाचं दर्शन अगदी निवांत झालं, प्रसाद तुमच्यासाठी वेगळा बांधून ठेवलाय. मग छोट्या गाडीने देलवाडा, तिथून टांगा, आणि शेवटी होडी. कारण दीव हे बेट आहे, चारी बाजूंनी पाणी. तुमचे चिरंजीव धक्क्यावर टोपी हलवत उभे होते. उन्हाने इतके काळे झालेत की आईंनी आधी ओळखलंच नाही. रस्त्याचं काम पाहायचं म्हणजे ओव्हरसियरला दिवसभर उन्हातच उभं राहावं लागतं. पण आता त्यांनी रजा टाकलीय आणि आम्हाला बेट दाखवतायत.

बापू, काय जागा आहे! अगदी फर्स्ट क्लास! इथे ताडासारखं एक झाड आहे, त्याला होका म्हणतात. ताड सरळ वर जातो, पण ह्याला मध्येच दोन फांद्या फुटतात. छबू म्हणाली, "ह्या झाडाला शिंगं आहेत." नागवा नावाच्या गावाचा किनारा तर आपलं खळं मधून कापल्यासारखा अर्धगोल, फक्त शंभर खळी मावतील एवढा. वाळू इतकी मऊ की छबूने पहिल्याच दिवशी चपला फेकून दिल्या. आईंना इथल्या बायकांचं गुजराथी लगेच कळतं. आम्ही जिथे उतरलोय त्याच्या शेजारची कमलीबेन आणि त्या अशा गप्पा मारतात, जशा काही दोघी एकाच गावच्या. कमलीबेनचा नवरा मासेमारीला जातो. आईंनी तिला आपल्याकडची लाल मिरची दिली. तिने ती कालवणात घातली आणि संध्याकाळभर नाक पुसत आम्हाला शिव्या घातल्या.

निघताना तुम्ही उंबऱ्यात उभे राहून म्हणाला होता, "सोमनाथ करा, गिरधरले भेटा, पन पोरना पाय पाणीमा पडाले नको." ते आम्ही कोणी विसरलो नव्हतो. आईंनी पहिल्याच दिवशी काठीने वाळूत रेघ ओढली आणि छबूला सांगितलं, ह्याच्या पुढे जायचं नाही. लाट आली आणि रेघ गेली. आईंनी मागे सरून दुसरी ओढली. तीही गेली. छबू टाळ्या वाजवून ओरडली, "आजी, पाण्याने तुझी रेघ खाल्ली!" असं संध्याकाळपर्यंत चाललं. आई मागे मागे आणि समुद्र पुढे पुढे.

हां, तर छबू थोडी भिजली. थोडी म्हणजे पाय.

म्हणजे गुडघे.

बापू, हे मी दोन कागदांवर लिहिलं आणि दोन्ही फाडले. हा फाडणार नाही. छबू डोक्यावरून भिजली.

तिची एक चप्पल लाटेबरोबर गेली आणि ती चपलेमागे गेली. आम्ही दोघं नारळवाल्याजवळ होतो. वळून पाहिलं तर फ्रॉकचा लाल ठिपका वर आला, खाली गेला. हे धावले. छातीएवढ्या पाण्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले, कारण त्याच्यापुढे कसं जायचं ते त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. मी काठावर उभी राहून "हेल्प! हेल्प!" ओरडत होते. इंग्रजीत! तिथे इंग्रजी कोणाला कळणार होतं?

आणि आई माझ्या शेजारून गेल्या. लुगडं खोचलं, पळत पाण्यात शिरल्या आणि आडव्या झाल्या. मला वाटलं, पडल्या. पडल्या नव्हत्या बापू, पोहत होत्या! हात असे चालत होते जसे काही रोजच पोहतात. छबूला केसांना धरून वर काढलं, पाठीवर घेतलं आणि घेऊन आल्या. वाळूवर आल्यावर छबूच्या पाठीत एक धपाटा, आणि मग ह्यांच्या पाठीत एक.

"खांबसारखा काय उभा ऱ्हायना रे गिरधर?"

"माय, माले येत नई. कोनी शिकू दिन्हं नई."

आईंनी छबूला पालथं धरलं. पोटातलं पाणी निघाल्यावर छबू पहिल्यांदा म्हणाली, "माझी चप्पल?" ती अगदी ठीक आहे. ताप नाही, खोकला नाही. कालपासून दोन वेळा माशासारखी... नाही, ते पुढे सांगते.

इतकं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं सामान बांधून परत निघायचं ठरलं होतं. मी ट्रंक उघडली तर आई नाहीत. बाहेर पाहिलं तर त्या कमलीबेनकडून दोन सुके, न सोललेले नारळ घेऊन येत होत्या. नारळांना दोरी बांधली, मध्ये वीतभर जागा ठेवली आणि म्हणाल्या, "चाल वं छबू. आमी भोपया बांधीसन शिकनूत, तू नारय बांधीसन शिक."

हे म्हणाले, "माय, बापू काय म्हनतीन?"

"ज्या पोरले पोहता येस ती बुडत नई. तुन्हा बापले मी सांगसू. मी तापीना काठनी पोर शे."

बापू, मी त्यांना अडवलं नाही. उलट काठावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. कमरेएवढ्या संथ पाण्यात आईंनी छबूला पोटावर झोपवलं, काखेत नारळ, हनुवटीखाली आपला हात. आधी छबू मांजरासारखी बोचकारत होती. मग आईंनी हळूच हात काढून घेतला आणि छबूला ते कळलंच नाही. कळलं तेव्हा ती किंचाळली, "आई, बघ! पाणी मला उचलतंय!" मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही. होडीवाले कोळी हात थांबवून बघत होते. नऊवारीतली पंचावन्न वर्षांची बाई आणि साडेचार वर्षांची पोर, दोघी समुद्रात! मी इतका मोठा आनंद आयुष्यात पाहिला नाही. काल तर छबू नारळ सोडून चार हात गेली, माशासारखी.

आता शेवटचं. हे मी सारखं पुढे ढकलत होते.

संध्याकाळी केस वाळवताना आई रूपचंदबद्दल बोलल्या. माझे मोठे दीर, जे अकरा वर्षांचेच राहिले. म्हशीमागे तापीत गेले, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी आई माहेरी होत्या आणि काठावर तुम्ही होता, आणि तुम्हाला पोहता येत नव्हतं, हे मला आत्ता कळलं. परवा ह्यांना छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलेलं मी पाहिलं. त्यांचा चेहरा पाहिला. म्हणून तुमच्याबद्दल मला जे कळलं ते सांगून कळलं नसतं.

आई म्हणाल्या, "मी त्यास्ले कधी दोष दिन्हा नई. पन दोष नई देत, हाई बी कधी सांगं नई." मी विचारलं, हे लिहू का? त्यांनी केस पिळून झटकले. मग म्हणाल्या, "लिख."

लिहिलं.

बापू, छबूला तापीत पोहू द्या. आई शिकवतील. आत्ता पाणी उतरलेलं आणि संथ आहे. घरी आल्यावर मी परत बोलणार नाही, दाराला किंवा छबूलाच सांगेन. तुम्हीसुद्धा बोलू नका. चालणार असेल तर तिला पोहताना बांधायला परसातला एक सुका भोपळा ओसरीच्या खुंटीला टांगून ठेवा. खुंटी रिकामी दिसली तर मी समजेन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

कागद संपला, धीर अजून थोडा उरलाय.

तुमची, कागदावर पदर नसलेली सून,
रंजना


कळसाडी, ता. २३ फेब्रुवारी १९६४

अहो ओव्हरसियर साहेब,

तुमच्या बेटाला आणि शिंगवाल्या झाडांना माझा सलाम. आम्ही सुखरूप पोचलो, पण नुसतं सुखरूप म्हटलं तर पत्र फुकट जाईल. बसून वाचा!

नंदुरबार स्टेशनावर बापू स्वतः आले होते. बाजारात मिरचीचे ढीग पडलेत, सगळं गाव शिंकतंय. बापूंचे डोळे लाल होते. आईंनी विचारलं, "काय व्हयनं डोयास्ले?" ते म्हणाले, "मिरची शे ना." मिरचीचा बाजार मागे पडला, एस.टी. सुटली, शहादं आलं, आपली बैलगाडी आली, तरी डोळे लालच! वाटेत ते फक्त बैलांशी बोलले.

घरी आलो. मी पदरातून पहिल्यांदा खुंटीकडे पाहिलं.

रिकामी.

मी ट्रंक आत नेली, चूल पेटवली. आई माझ्याकडे बघत होत्या आणि मी भाकरीकडे. वाटलं, उगाच लिहिलं. रात्री छबूने विचारलं, "आई, नदी कधी?" मी म्हटलं, झोप.

सकाळी उठून बाहेर आले तर गाडी जुंपलेली. बापू जुवाजवळ उभे. म्हणाले, "छबू, तुन्ही मायले सांग, आंघोय घरमा करू नका. तापीवर जानं शे."

तापीवर! बापू! ज्यांनी इतकी वर्षं नदीकडे पाठ करून शेत केलं, ते!

काठावर आल्यावर त्यांनी गाडीतलं पोतं बाजूला केलं. खाली भोपळे होते. एक नाही, दोन. एक छोटा, दोरीने छान विणून बांधलेला. दुसरा आपल्या घागरीएवढा.

आईंनी विचारलं, "हाऊ मोठा कोनासाठे?"

बापू बैलांच्या कासऱ्याकडे बघत म्हणाले, "ज्याले पोहता येत नई त्यानासाठे. खुंटीले दोन मावत नव्हतात."

अहो, त्यावर आईंनी काय केलं असेल? पुढे आल्या आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या पाठीला भोपळा बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. मी नदीकडे बघत बसले, कारण ते बघणं माझं नव्हतं.

मग आईंचं तोंड सुटलं! "पाय मारा, पाय! गुऱ्हायना बैल शेत का, एकच जागावर फिरी ऱ्हायनात?" पलीकडे म्हशी धुणारा फुलसिंग पोट धरून हसत होता. बापूंना म्हणाला, "हिंमतराव, भोपया पोही ऱ्हायना का तुम्ही?" बापू तोंडातलं पाणी थुंकून म्हणाले, "आज भोपया. उद्या मी." आणि छबू त्यांच्याभोवती घिरट्या घालत होती, "आजोबा, घाबरू नका, पाणी उचलतं!"

आणि पाण्याने उचललं. खरंच उचललं. त्यांचे पाय वर आले, पांढऱ्या मिशा पाण्यावर, डोळे आभाळाकडे. जराही हलले नाहीत. आईंनी मानेखालचा हात काढून घेतला, आणि ते त्यांना कळलं, तरी ते तसेच राहिले.

भोपळ्याला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक काठावर पडलं होतं. ते सरकायला लागलं. तेव्हा पाण्यातून आवाज आला. छबूला नाही, बैलांना नाही, मला.

"रंजना, दोर धर."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं. मी दोर धरला. आणि पदर कुठे होता ते न बघता मोठ्याने म्हणाले, "धरला, बापू!"

दोन्ही भोपळे आता खुंटीला वाळतायत. छोट्याच्या वर मोठा, मावले. वेलावर एक तिसरा आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही असं बापूंनी सगळ्या गावाला बजावलंय. अक्षय्य तृतीयेला रजा काढा. तो तुमचा आहे.

दोराचं टोक हातात घेऊन वाट पाहणारी,
तुमची रंजना