शिकंजा

लातूर, १२ एप्रिल १९८७

प्रिय सिद्धराम,

अकरा महिन्यांनी लिहितोय. तुझा नांदेडचा पत्ता निलंग्याला तुझ्या मामांकडे जाऊन मागितला. त्यांनी आधी चहा दिला, मग पत्ता. का हवा म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे.

इकडं उन्हानं आपली पत्र्याची शेड दुपारी पेटल्यासारखी होते. गल्लीत टँकर एक दिवसाआड येतो आणि आई त्याच्या आवाजावर कान लावून बसलेली असते. माझी तब्येत बरी आहे. तुझी भट्टीजवळची नोकरी कशी आहे, तिथं प्यायला गार पाणी तरी मिळतं का, ते लिही.

आपण सुरुवात केली ते दिवस हल्ली फार आठवतात. जिल्हा नुकताच झाला होता. उस्मानाबादहून फायलींचे ट्रक येत होते, रोज एखाद्या भाड्याच्या घरावर नवीन पाटी लागत होती, आणि आपण दोघं आयटीआयचे दाखले खिशात घालून त्या पाट्या वाचत हिंडत होतो. मला त्यातल्या एखाद्या पाटीखाली शिपाई म्हणून का होईना, चिकटायचं होतं. बाबासाहेबांच्या जयंतीला वस्तीत भाषण करताना मास्तर सांगायचे, नोकरी धरा, आणि ते मला पटलेलं होतं. तू मात्र गावोगावचे बंद हापसे मोजत बसायचास. बोअर आहे, खाली पाणीही आहे, पण वॉशर झिजला म्हणून हापसा सहा-सहा महिने बंद. कारण शंभर फुटांचे लोखंडी पाइप वर ओढायला जिल्ह्याची गाडी यावी लागते, आणि ती येत नाही. तू वहीत तीन पायांची तिकटी काढलीस, वर कप्पी, आणि खाली बोअरच्या तोंडाशी पाइप आवळून धरणारा शिकंजा. म्हणालास, चार बायांनी मिळून हापसा खोलला पाहिजे, गाडीची वाट कशाला बघायची. मी हसलो होतो. पण दुसऱ्या दिवशी भंगारातून नळ्या आणायला तुझ्याबरोबर आलोच.

पहिली तिकटी करायला आपल्याला दोन महिने लागले. कापायचं मी, वेल्डिंगनं जोडायचं तू. ती एस.टी.च्या टपावर चढवताना कंडक्टर दर वेळी भांडायचा. पहिल्या गावात आपण पाच दिवस राहिलो. तू बायांना पाना कसा धरायचा ते शिकवत होतास आणि त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पाइप उपसले. शिकंज्याची मूठ हाताला लागते असं एकीनं सांगितलं, तर तू परत येऊन मूठच बदललीस. दुसऱ्या गावी तिकटीचा पाय भुसभुशीत मातीत रुतला, तर पुढच्या तिकटीला खाली ताटल्या आल्या. प्रत्येक गावानं आपल्याला काहीतरी शिकवलं. तुझा नियम एकच होता, तिकटी जाईल तिथं आपण जायचं आणि गावाला जमेपर्यंत हलायचं नाही. तीन वर्षांत आपण अकरा तिकट्या केल्या. मला ते फार कमी वाटायचं, तुला पुरेसं वाटायचं. आपल्यात खरं भांडण तेवढं एकच होतं.

मग मागचा उन्हाळा आला. विहिरी आटल्या, आणि एकदम वीस तिकट्या मागितल्या गेल्या, महिनाभरात. रोज शेडच्या दारात कुठल्या ना कुठल्या गावचे सरपंच उभे असायचे. तू म्हणालास, दहा घेऊ, आणि दहाही गावांना आपण स्वतः जाऊ. मी म्हणालो, लोक तहानलेत आणि तू शिकवणीच्या गोष्टी करतोस. ते मी मनापासून म्हणालो होतो, सिद्धराम, आजही सांगतो. रेणापूरकडची माझी मावशी पाण्यासाठी दीड कोस चालत होती. पण त्यात दुसरंही काही मिसळलेलं होतं. आपलं नाव जिल्हाभर व्हावं, मोठ्या साहेबानं आपल्याला खुर्ची द्यावी, असं मला वाटत होतं.

तू घरच्या लग्नाला गेला होतास त्या आठवड्यात मी शेवटच्या सहा तिकट्या तयार केल्या. जोड सगळे तूच जाण्याआधी मारून ठेवलेले होते. उरले होते शिकंज्याचे बोल्ट. तू सांगितलेले जाड बोल्ट गंजगोलाईच्या बाजारात कुठंच मिळेनात, आणि ट्रॅक्टर दारात उभा. मी त्याहून बारीक बसवले. हाताला घट्ट लागले, म्हणून म्हटलं चालतील. आणि त्या सहा गावांना मी गेलो नाही. तिकट्या नुसत्या पाठवून दिल्या.

त्या सहांतल्या बोरीच्या वाडीला सरजाबाईचा हात शिकंज्यावर होता तेव्हा बोल्ट ताणला, शिकंजा उघडला आणि वरचा सगळा पाइप खाली आला. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. आपण दोघं तिथं पोचलो तेव्हा तो वाकडा शिकंजा चावडीपुढं ठेवलेला होता आणि लोक म्हणत होते, जोड तुटला. तू खाली बसून तो हातात घेतलास, बराच वेळ फिरवून बघितलास. मी तुझ्या मागं उभा होतो. मग तू उठून म्हणालास, “जोड माझा आहे. चूक माझी.” मला तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण जिल्ह्याच्या साहेबांची जीप आली, सगळे तिकडं वळले, आणि मीही वळलो.

पुढच्या आठवड्यात तू तुझा वेल्डिंगचा चष्मा खिळ्याला अडकवून गेलास. मी अडवलं नाही. उरलेल्या पाच गावांचे बोल्ट मी त्याच पंधरवड्यात बदलून आलो, पण गावांना काय सांगितलं ते तुला ठाऊक नाही. सांगितलं की वेल्डिंग तपासायला आलोय. आणि ते गावोगाव पसरलं.

गेल्या शनिवारी नांदेडहून शेषेराव नावाचे गृहस्थ शेडवर आले. साखर कारखान्यात तुला जोडकामाचा मुख्य करायचं त्यांच्या मनात आहे, पण लातूरकडून काही कानावर आलं होतं, म्हणून विचारायला आले. त्यांनी सरळच विचारलं, “या माणसाचा जोड तुटून बाईची बोटं गेली, खरं का?” मी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि सांगितलं, की सिद्धरामचा जोड आजवर कुठं तुटलेला नाही, त्या दिवशी सुटला तो बोल्ट, आणि तो मी बसवला होता. त्यांना तसं लिहूनही दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि गेले.

त्यांच्या मागोमाग मी बोरीच्या वाडीला गेलो. सरजाबाई ज्वारी पाखडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, बोल्टाचं तिला कधीचंच माहीत आहे. मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं. मग तिनं सांगितलं, की तू दर महिन्याला सुट्टीच्या दिवशी नांदेडची एस.टी. धरून तिथं येतोस, हापशाच्या साखळीला ग्रीस लावतोस, तिच्या हाताची चौकशी करतोस आणि जेवून जातोस. “म्या त्याला इचारलं, जोड कसा तुटला रं? तर म्हनला, तुटला न्हाई मावशी, सुटला. मंग सोताचं नाव का सांगितलंस? तर म्हनला, दोघांचं दुकान हाय.” एवढं बोलून ती पुन्हा पाखडायला लागली. मी तिथंच ओट्यावर बसून राहिलो. उठायच्या वेळी ती म्हणाली, “बोटं काय परत येत न्हाईत. पर तू आलास ते बरं केलंस.”

दुसऱ्या दिवशी तिथल्या चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं. त्या पाच गावांपैकी तीन झाली, दोन राहिलीत. एका गावात शिव्या खाल्ल्या, त्या योग्यच होत्या. हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जायच्या आधी माझ्या हातचं तुला मिळावं, म्हणून लिहायला बसलो. माफी मागायची होती, पण ती पत्रातून मागायची माझी हिंमत नाही. आणखी एक काम आहे. बोरीच्या हापशाचे वॉशर आता झिजलेत, पाणी फार उशिरा चढतं. येत्या सव्वीस तारखेला, रविवारी, पाइप उपसायचं ठरलंय. अपघातात पडलेला पाइप जिल्ह्याच्या गाडीनं काढून बसवला होता; त्यानंतर त्या गावात तिकटी पहिल्यांदाच उभी राहणार, आणि शिकंज्याला हात लावायला बाया अजून भितात. तिथं सरजाबाईच्या जागी मी हात ठेवणार आहे. वर कप्पीवर कोण असावं, ते तिनं मला सांगितलं. मी तुला ये म्हणून सांगत नाही, विचारतो. येशील का?

वाट पाहणारा, तुझाच
भुजंग